त्वरिता तीच तुळजा

पूर्वरंग

मायबाप श्रोतेहो, नमन झालं, आता निरूपणाला हात घालू. नवरात्राचे दिवस आहेत, घरोघरी घट बसलेत, तेव्हा विषयही आईचाच घेऊ. आपल्या महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठं मानतात. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठं, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धं. त्यांपैकी तुळजापूरची कथा आज आपल्याला घ्यायची आहे.

हीच कथा का, ते आधी सांगतो. कीर्तन संपतं, आरती होते, बुक्का लावून मंडळी पांगतात. मग मागं राहिलेला एखादा कॉलेजातला पोरगा हळूच जवळ येतो आणि विचारतो, "बुवा, अफझलखानानं तुळजापूरची मूर्ती फोडली म्हणतात. जी देवी स्वतःला राखू शकली नाही, ती आम्हाला काय राखणार?" एका गावात नाही, बऱ्याच गावांत हा प्रश्न येतो. शेजारी उभी असलेली म्हातारी माणसं त्या पोराला दटावतात. मी म्हणतो, दटावू नका त्याला. पोरगं उद्धट नाही, त्याला उत्तर हवं आहे. आणि उत्तर द्यायचं तर आधी ही देवी कोण, तिचं नाव काय आणि त्या नावाचा अर्थ काय, हे समजून घ्यावं लागतं. पूर्वरंगात ते समजून घेऊ, उत्तररंगात इतिहासाकडे वळू.

बालाघाटच्या डोंगररांगेत, सोलापूरपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास तुळजापूर आहे. जिल्हा धाराशिव. जुन्या माहात्म्यात या डोंगराचं नाव यमुनाचल. आता एक गंमत बघा. बाकीच्या डोंगरदेव्या भक्ताला चढायला लावतात. वणीला चढायचं, माहूरला चढायचं. धाप लागते, घाम येतो, मग दर्शन. तुळजापुरात उलटं आहे. गाव वर आणि मंदिर खाली. महाद्वारातून आत शिरलात की पायऱ्या उतरायच्या. वाटेत गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ, तिथं हातपाय धुवायचे, स्नान करायचं. पुढं सिद्धिविनायकाला नमस्कार करायचा, निंबाळकर दरवाजातून आत जायचं आणि मग गाभारा. आईकडे जाताना माणसाला खाली यावं लागतं. जो मोठेपणाच्या पायऱ्या उतरेल त्याला ती दिसेल, असा अर्थ आमचे गुरुजी सांगायचे.

गाभाऱ्यात काळ्या गंडकी शिळेची मूर्ती आहे. अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी, पायाखाली महिषासुर, बाजूला सिंह. एका बाजूला मार्कंडेय ऋषी, आणि दुसऱ्या बाजूला एक बाई आहे. दर्शनाच्या गर्दीत तिच्याकडे लक्ष जात नाही. ना ती देवी, ना राणी. ती तपश्चर्या करणारी एक बाई आहे. तिचं नाव अनुभूती. आणि श्रोतेहो, ही सगळी कथा त्या बाईपासून सुरू होते.

स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडातून ही कथा सांगतात. कृतयुगात कर्दम नावाचे ऋषी होते, त्यांची ही पत्नी. संसार सुखाचा, पदरात लहान मूल. आणि कर्दमांचा देह पडला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अनुभूती सती जायला निघाली. चिता रचली. इतक्यात आकाशवाणी झाली, "थांब. तुझं लेकरू लहान आहे. लहान लेकराच्या आईनं सती जाऊ नये."

बरं का मंडळी, पुराणातली ही ओळ आपण भराभर वाचून पुढं जातो. इथं जरा थांबू. बाईनं जगायचं की मरायचं, हा प्रश्न उभा होता, आणि वरून आलेलं उत्तर जगण्याच्या बाजूचं होतं. का? तर एक लेकरू आहे म्हणून. तुळजापूरच्या देवीची कथा जन्मापासूनच अशी आहे. एका विधवेला चितेवरून मागं फिरवण्यापासून ती सुरू होते.

पण मागं फिरणं सोपं नव्हतं हो. नवरा गेलेल्या बाईचे दिवस कसे जातात ते ज्या घरानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. तिनं मूल गुरूच्या आश्रमात सुखरूप ठेवलं आणि मंदाकिनी नदीच्या काठी तप मांडलं. एकटी बाई, निर्जन काठ. तिथं आला कुकुर नावाचा दैत्य. तिचं रूप पाहून त्याची बुद्धी फिरली. त्यानं तपाचा भंग केला आणि तिच्या अंगाला हात घालायला धजावला. अनुभूतीनं काय केलं? तिच्याजवळ शस्त्र नव्हतं, माणूस नव्हता. होती ती एक हाक. तिनं जगदंबेला हाक मारली.

आणि आई आली! कशी आली? वेळ पाहिली नाही, वाहन सजवलं नाही. हाकेसरशी, त्वरेनं आली. दैत्यानं रेड्याचं रूप घेतलं, आईनं त्रिशूळ घातला, शिर वेगळं केलं. मग अनुभूतीनं मागणं मागितलं, "आई, इथंच रहा." ती यमुनाचलावर राहिली. त्वरेनं आली म्हणून तिचं नाव त्वरिता. त्वरिताचं झालं तुरजा, तुरजाचं झालं तुळजा. आजही खेड्यातली म्हातारी 'तुरजाबाई' म्हणते. तिला व्याकरण शिकवायला जाऊ नका, ती मूळ नावाच्या जास्त जवळ आहे.

(येथे उदोकार झाला.)

म्हणजे नावाचा अर्थ कळला का? लवकर धावून येणारी ती तुळजा. आता पुढं विचार करा. ती आली कशासाठी? स्वतःचं मंदिर वाचवायला? मंदिर तेव्हा नव्हतंच. मूर्ती नव्हती, पायऱ्या नव्हत्या, कल्लोळ नव्हता. एका बाईची अब्रू वाचवायला ती आली. आधी हाक, मग आई, आणि सगळ्यात शेवटी मंदिर. हा क्रम ध्यानात ठेवा. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर देताना हा क्रम लागणार आहे.

दुसरी कथा रामाची. सीतेला रावणानं नेलं. राम आणि लक्ष्मण रानोमाळ शोधत या डोंगरावर आले. पार्वतीच्या मनात आलं, हा परब्रह्म म्हणवतो आणि बायकोसाठी झाडांना विचारत फिरतो, याची परीक्षा पाहू. तिनं सीतेचं रूप घेतलं आणि वाटेत उभी राहिली. दुसरा कोणी असता तर धावत गेला असता. रामानं एकदा पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "तू का आई?" तुळजाभवानीला तुकाई म्हणतात ना, ते नाव या दोन शब्दांवरून पडलं असं आपली माणसं सांगतात. तू का आई, तुकाई. विरहानं वेडा झालेला नवरा, समोर बायकोचं हुबेहूब रूप, आणि तरी त्याला त्यात आई दिसली! देवी प्रसन्न झाली आणि एका शिळेवर उभं राहून तिनं त्याला लंकेची वाट दाखवली. ती घाटशीळ. तुळजापूरला गेलात तर घाटशिळेवर जाऊन या. रामाला वर देणारी म्हणून तिचं नाव रामवरदायिनी.

आता सांगा, देवीनं रामाला सीता आणून दिली का? नाही. वाट दाखवली. पुढं किष्किंधा गाठायची होती, वानर जमवायचे होते, समुद्रावर सेतू बांधायचा होता, रावणाशी झुंजायचं होतं. ते सगळं रामानं केलं. आईची त्वरा म्हणजे आपलं काम तिनं करावं असं नव्हे. आई धावत येते ती आपल्याला उभं करायला. लेकरू पडलं तर आई धावत जाते, पण लेकराच्या वाटचं चालत नाही. चालायचं लेकरानंच.

एवढा सिद्धांत गाठीला बांधा. हाक मनापासूनची असली तर ती येते, आणि आली की आपल्या हातापायांत बळ घालते. असो. आता उत्तररंगाकडे वळू.

उत्तररंग

साल १६५९. तुळजापूर तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत. भोसल्यांची कुलस्वामिनी भवानी, पण तिचं ठाणं परक्याच्या मुलखात. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती, कोकणात पाय रोवले होते, प्रतापगड बांधून झाला होता. विजापूर दरबाराला हा पुंडावा सहन होईना. अफझलखानानं विडा उचलला आणि मोठी फौज घेऊन निघाला.

कृष्णाजी अनंत सभासद हे महाराजांच्या पदरी असलेले गृहस्थ. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला त्यांनी बखर लिहिली. त्या बखरीत खान तुळजापुरास आल्याचं, त्यानं भवानी फोडल्याचं आणि जात्यात भरडून पीठ केल्याचं लिहिलेलं आहे. वाचताना अंगावर काटा येतो. तुळजापुरात मात्र परंपरा वेगळी सांगते. खान येण्याची चाहूल लागली तेव्हा आईच्या सेवेकऱ्यांनी मूळ मूर्ती हलवून लपवून ठेवली आणि संकट टळल्यावर परत आणून बसवली, असं तिथली जुनी माणसं सांगतात. इतिहासाचे अभ्यासक दोन्ही बाजूंनी लिहितात. कुणी बखर उचलतो, कुणी परंपरा.

मी कीर्तनकार. मी न्यायाधीश नव्हे. पण श्रोतेहो, मी तुम्हाला असं म्हणतो की घटकाभर सभासदांचंच खरं धरा. अवघड बाजूच धरू. फुटली मूर्ती, झालं पीठ. पुढं काय झालं ते बघा.

खानाचा अंदाज काय होता? शिवाजीची कुलदेवी दुखावली की शिवाजी चिडेल, डोंगर सोडून मोकळ्या मैदानात येईल, आणि मैदानात आपण त्याला चिरडू. तुळजापूरचं विघ्न हा रागाचा सापळा होता. महाराज त्यात सापडले नाहीत. दुःख झालं नसेल? जिजाऊंच्या संस्कारात वाढलेला मुलगा, कुळाची आई ती. पण दुःख पोटात ठेवलं आणि जागा सोडली नाही. उलट खानालाच जावळीच्या जंगलात ओढलं. वकील पाठवला पंताजी गोपीनाथ. भेटीची जागा आपण ठरवली, झाडीत माणसं आपण पेरली. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. पुढचं तुम्हाला तोंडपाठ आहे, मी सांगत नाही.

त्याऐवजी एक वेगळी गोष्ट सांगतो. भेटीला जाताना दोन्हीकडे दहा-दहा अंगरक्षक होते. महाराजांच्या दहांत जिवा महाला होता, आणि त्याच दहांत सिद्दी इब्राहिम होता. खानाच्या फौजेत मंबाजी भोसले होता, म्हणजे महाराजांचा भाऊबंदच. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, तो ब्राह्मण. तेव्हा हे धर्माचं आणि धर्माचं भांडण होतं असं सरळसोट कुणी सांगत असेल तर त्याला हातातली यादी दाखवा. देवीच्या हाकेला कोण धावून जातो हे त्याच्या नावावरून कळत नाही हो. महाराजांच्या जिवाला सिद्दी इब्राहिम जामीन उभा होता. आणि खान पडल्यावर त्याची कबर प्रतापगडाच्या पायथ्याला झाली. वैर मेल्यावर संपतं, ही आपल्या राजाची शिकवण. तुळजापूरचं नाव घेऊन कुणाच्या घरावर दगड टाकायची शिकवण या कथेत कुठंही नाही.

मग महाराजांनी देवीसाठी काय केलं? तुळजापूर तर शत्रूच्या ताब्यात. दर्शनाला जाता येईना. सभासद लिहितात की देवीनं दृष्टांत दिला, माझी स्थापना कर. १६६१ साली महाराजांनी प्रतापगडावर भवानीचं मंदिर उभारून मूर्तीची स्थापना केली. तीही गंडकी शिळेची, अष्टभुजा. श्रोतेहो, ज्या गडाच्या पायथ्याशी संकट आलं होतं, त्याच गडावर आई येऊन बसली. जवळच पार गावी रामवरदायिनीचं ठाणं आहेच. पूर्वरंगात जी रामाला वाट दाखवते, तीच इथं जावळीच्या खोऱ्यात भेटते.

आता त्या पोराचं उत्तर अर्धं आलं. तो विचारतो, देवी स्वतःला का राखू शकली नाही? बाळा, ती स्वतःला राखायला आलीच नव्हती रे. पहिल्या दिवसापासून ती दुसऱ्याच्या हाकेला आली. दगड फुटतो. दगड फुटावा असा दगडाचा धर्मच आहे. पण एक ठाणं दुखावलं तर दुसरं उभं राहिलं, आणि पहिलंही सुटलं नाही. उत्तराचा हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. तो आता ऐका.

हिंदुस्थानातल्या बहुतेक देवळांत मूळ मूर्ती एकदा प्रतिष्ठा झाली की जागची हलत नाही. मिरवायला उत्सवमूर्ती वेगळी असते. तुळजापुरात तसं नाही. तिथली मूळ मूर्तीच चल आहे. सिंहासनावरून ती उठते. वर्षातून तीनदा आई पलंगावर निजते. नवरात्राच्या आधी भाद्रपदाच्या वद्य पक्षात घोरनिद्रा. युद्धाला निघायच्या आधीची झोप ती. मग घटस्थापनेला जागी होते आणि नऊ दिवस महिषासुराशी लढते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की श्रमनिद्रा, म्हणजे दमलेल्या बाईची झोप, ती पौर्णिमेपर्यंत. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. माउल्यांनो, तुम्हीच सांगा, वर्षभर राबणाऱ्या बाईला दमल्यावर पाठ टेकायला मिळावी, हे ज्या परंपरेला सुचलं ती परंपरा किती मायेची असेल! आपण देवीला श्रमनिद्रा देतो. घरातल्या लक्ष्मीला देतो का, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन पाहावं.

(हशा.)

हसू नका, खरं सांगतोय.

बरं, आई निजते तो पलंग कुठून येतो? तो तुळजापुरात बनत नाही. पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाकडून येतो, जुन्नर-नगर अशी वाट काढत, गावोगाव पूजा घेत, शेकडो मैल चालत. आणि सीमोल्लंघनाची पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. तिचा मान तेली समाजातल्या भगत घराण्याकडे.

त्या पालखीची कथा अशी सांगतात. बुऱ्हाणनगरात जानकोजी नावाचा तेली राहायचा. देवीचा मोठा भक्त. त्याच्या घरी एक अनाथ पोर आली. त्यानं तिला लेकीसारखी वाढवली, नाव अंबिका. पोर घरात आली आणि घराला बरकत आली. पुढं तिच्या रूपाची कीर्ती तिथल्या सत्ताधीशाच्या कानी गेली आणि त्याची वाईट नजर पडली. पोर एके दिवशी नाहीशी झाली. जानकोजी वेडापिसा झाला. बापच तो. शोधत शोधत तुळजापूरला पोचला. पाहतो तर आपली अंबिका सिंहासनावर! "घरी चल" म्हणून हट्ट धरून बसला. नाहीतर इथंच मान कापून घेतो म्हणाला. तेव्हा आई बोलली, "बाबा, मला आता इथून येता येणार नाही. पण दर दसऱ्याला तू पालखी घेऊन ये. तुझ्या पालखीत बसल्याशिवाय मी सीमोल्लंघन करणार नाही."

आता अनुभूतीची कथा आठवा आणि जानकोजीची कथा तिच्या शेजारी ठेवा. तिथं दैत्याची वाईट नजर, इथं सत्तेची वाईट नजर. तिथं बाईनं देवीला हाक मारली, इथं देवीच बापाच्या घरी लेक होऊन राहिली. ज्या त्रासातून बाईमाणसाला जावं लागतं, त्यातून देवी स्वतः गेली. आणि पुढचा मान कुणाला मिळाला? घाण्यावर तेल गाळणाऱ्याला. आजही दसऱ्याच्या पहाटे आईची मूर्ती लुगड्यांनी गुंडाळून त्या पालखीत ठेवतात. मंदिराला प्रदक्षिणा होते, पिंपळाच्या पारावर आई घटकाभर टेकते, कुंकवाची उधळण होते, आणि मग ती पलंगावर निजते. पालखी परत जात नाही. एका वर्षाची पालखी एका वर्षाची. ती होमात अर्पण होते आणि पुढल्या वर्षी नवी येते.

असंच बाकीचं. पूजेचा मान भोप्यांचा, म्हणजे कदम मराठ्यांचा. शिवाय पाळीकर आहेत, मठांचे महंत आहेत. भारतीबुवांच्या मठात तर आई सारीपाट खेळायला जायची, अशी कथा आहे. गोंधळी संबळ आणि दिवटी घेऊन उभे. त्यांच्यात कदमराई आणि रेणुराई असे दोन, कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. आराधी कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागणार. नाथमहाराजांनी भारुडात जोगवा मागितला तो याच परंपरेतला. पहाटे चरणतीर्थ, रात्री प्रक्षाळ, आणि त्यामधे माणसांची ही एवढी मोठी साखळी.

आता काळाचा हिशेब मांडू. आदिलशाही १६८६ साली बुडाली. मोगल आले. मग हा मुलूख निजामाकडे गेला. १८५३ साली निजामानं हा धाराशिवचा भाग इंग्रजांना दिला, १८६० साली इंग्रजांनी तो परत निजामाला दिला. धाराशिवचं नावही बदललं आणि उस्मानाबाद झालं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं. म्हणजे बघा, खानाच्या स्वारीपासून मोजलं तर तीनशे वर्षांत मालक किती बदलले! वरची गादी बदलत राहिली, खालची पालखी बदलली नाही. राज्य कुणाचंही असो, दसरा आला की बुऱ्हाणनगरहून पालखी निघाली, घोडेगावाकडून पलंग निघाला, सोलापूरहून, कर्नाटकातून, लातूरकडून माणसं पायी निघाली. आजही कोजागिरीला सोलापूरचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. अनवाणी बाया, डोक्यावर गाठोडं, कडेला लेकरू, तोंडात उदो.

देवीला कुणी राखलं, असं विचारत होतास ना बाळा? यांनी राखलं. ज्यांनी मूर्ती लपवली असं परंपरा सांगते, ते सेवेकरी होते, राजे नव्हते. राजा प्रतापगडावर नवं ठाणं उभं करत होता, तेव्हा जुन्या ठाण्यावर पहाटेचं चरणतीर्थ करायला उठणारा कुणीतरी गरीब भोपा होता. त्याचं नाव बखरीत नाही. बिगारी, तेली, गोंधळी, आराधी यांची नावं बखरीत येत नाहीत. पण आईची त्वरा याच माणसांच्या पायांतून चालत आली. देवी धावते म्हणजे आकाशातून वीज पडते असं नाही. कुणाच्या तरी अंगात बळ येतं, कुणाचे तरी पाय उचलतात. त्या पायांना आपण देवीचे पाय म्हणावं.

आता शेवटचं. भवानी तलवारीबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला उठू देणार नाही. देवीनं महाराजांना तलवार दिली, हे चित्र आपल्या घरोघरी आहे. कोकणातल्या सावंतांकडून एक उत्तम फिरंगी तलवार महाराजांकडे आली आणि तिचं नाव भवानी ठेवलं, अशीही हकीकत जुन्या कागदांतून सांगितली जाते. मग चित्र खोटं का? मी म्हणतो, घटकाभर रामाची कथा आठवा. आईनं रामाला सीता दिली नाही, वाट दिली. राजालाही तिनं लोखंड कशाला द्यावं? लोखंड बाजारात मिळतं. तेच लोखंड खानाकडेही होतं, त्याच्याकडे तर जास्तच होतं. आईनं दिलं ते तलवार धरणाऱ्या मनगटाला. राग गिळून थांबण्याचं बळ दिलं, योग्य क्षणी न डगमगण्याचं बळ दिलं, आणि लढाई संपल्यावर तलवार म्यान करायची बुद्धी दिली. तिच्या नावानं तलवारीचं नाव ठेवलं, याचा अर्थ एवढाच की ही तलवार आईच्या कामाशिवाय उपसायची नाही. अनुभूतीसारखी एखादी बाई हाक मारील तेव्हा उपसायची. त्या राज्यात परस्त्रीकडे वाकडी नजर करणाऱ्याला क्षमा नव्हती, ते उगाच नाही. जी देवी एका बाईच्या अब्रूसाठी प्रकटली, तिच्या लेकराचं राज्य दुसरं कसं असणार?

तेव्हा नवरात्रात घट बसवा, माळ लावा, अखंड दिवा ठेवा. तुळजापूरला जाणं झालं तर पायऱ्या सावकाश उतरा, आणि गाभाऱ्यात गेल्यावर आईकडे पाहून झालं की तिच्या बाजूच्या अनुभूतीकडेही एकदा पाहा. आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत, कुणी अनुभूती असेल. नवरा गेलेली असेल, लहान पोरं पदरात असतील, कुणी जमिनीसाठी छळत असेल, कुणी वाईट नजरेनं बघत असेल. ती हाक मारते आहे. ती हाक देवीला आहे, पण देवी कुणाच्या पायांनी जाणार? तुमच्या माझ्याच ना? त्या हाकेला जो उशीर करील, त्यानं कल्लोळात कितीही बुड्या मारल्या तरी तो कोरडाच. आणि जो त्वरेनं जाईल, त्याच्या रूपानं तुळजा त्या दारात उभी राहील.

आईच्या चरणी एवढीच प्रार्थना, की अशी हाक ऐकू येण्याइतके कान आम्हाला दे, आणि ऐकल्यावर उठण्याइतकं बळ पायांत दे. सर्वांनी हात वर करून म्हणा, आई राजा उदो उदो! सदानंदीचा उदो उदो! आता आरतीला उभे राहू.